मुंबईत रबर-लिप प्लेको: थंड, वाहत्या पाण्याचा टँक उभा करताना

दुकानात हा मासा साध्या सकरच्या (तोंडाने काचेला चिकटणाऱ्या स्वस्त माशाच्या) टाकीत, तिशी ओलांडलेल्या पाण्यात, फिल्टरच्या धारेखाली काचेला चिकटलेला असतो. विकणारा सांगतो, "क्लीनर आहे, शेवाळं खातो, काही लागत नाही." लागतं. आणि जे लागतं ते सगळं मुंबईच्या हवेच्या उलट आहे.

रबर-लिप किंवा रबर-नोज म्हणून विकले जाणारे मासे कीटोस्टोमा या प्रजातीतले. हे नाव चुडी या प्राणिशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये दिलं. पनामापासून पेरूपर्यंत, मुख्यतः अँडीजच्या उतारावरच्या खळाळत्या नद्यांत हे राहतात. अंगावर हाडाच्या तबकड्यांचं चिलखत, पोट मात्र उघडं, तोंड चोषकासारखं, मुस्कटाच्या पुढच्या कडेला तबकड्या नसलेली जाड मांसल पट्टी. बाजारात येणारा बराच माल कोलंबियातला, ओरिनोकोच्या उपनद्यांमधला कीटोस्टोमा फॉर्मोसी असतो. या जातीचं वर्णन २०११ मध्ये झालं. वाढ दहा-बारा सेंटिमीटर. त्याला हवं पाणी २० ते २४ अंशांचं, आणि ते सतत पळणारं.

थंडाव्याइतकाच प्रश्न प्राणवायूचा आहे. २० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची मागणी वाढते. गप्पी, मॉली हा फरक पचवतात. प्रवाहातला मासा महिनोन्महिने धापा टाकत हळूहळू संपतो आणि दोष ‘आजारी माला’ला जातो. म्हणून आमच्याकडे मासा सगळ्यात शेवटी आला, आणि त्याआधीच्या कामांचाच हा हिशेब आहे.

सुरुवात नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, ती सोसायटीपासून. टँक ठरवला चार फूट बाय दीड बाय दीड, १० मिमी काच. काच पन्नास किलो, पाणी १८० लिटर, दगड साठ-पासष्ट किलो, लोखंडी स्टँड पस्तीस. एकूण ३३० किलो. हे वजन जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर येतं. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकातला भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरलेला असतो. तो संपूर्ण खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे ३३० किलोने स्लॅब लगेच खाली येत नाही. पण टँक खोलीच्या मधोमध ठेवणं आणि खाली बीम असलेल्या भिंतीला समांतर ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या चाळीत, लाकडी तुळयांवर हा आकार ठेवूच नये.

इमारत तीस वर्षांपुढची असेल तर महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असावं लागतं. तो अहवाल सोसायटीच्या फायलीत मिळतो आणि त्यात बहुधा बीमचा आराखडाही असतो. ज्या इंजिनिअरने ऑडिट केलं त्याच्याकडूनच ‘अमुक भिंतीलगत अमुक वजन चालेल’ असं एका पानाचं पत्र घेतलं. फी तीन हजार. सोबत सेक्रेटरींना अर्ज, त्यात टँकचं माप, वजन आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा. मॅनेजिंग कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच, त्यामुळे विषय डिसेंबरवर गेला. बैठकीत पहिला प्रश्न अर्थातच, "अहो, फुटला तर खालच्यांच्या फॉल्स सीलिंगचं काय?" गळतीची भरपाई आम्ही देऊ असं हमीपत्र मागितलं गेलं. मुद्रांकासाठी जाताना लक्षात ठेवा: महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून असल्या कागदांना किमान ५०० रुपयांचा लागतो, शंभराचा घेऊन गेलात तर परत फेरी. मागणी मला तरी रास्त वाटली. खालच्या मजल्यावर राहणारा आपणही असू शकतो.

याच काळात दुसरा कागदी प्रश्न तपासून घेतला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सायटीस या करारातल्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या) परदेशी जाती आल्या, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे जिवंत प्राणी पाळणाऱ्याला केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कीटोस्टोमा सायटीसच्या यादीत नाही, म्हणून ही नोंदणी लागत नाही. पण त्याच कुटुंबातला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको त्या यादीत आहे. ‘प्लेकोला काही लागत नाही’ असं सरसकट कुणी सांगितलं तर ऐकू नका, जातीचं नाव घेऊन यादी पाहा. परदेशातून जिवंत मासा आणण्याची परवानगी आणि विलगीकरण हे आयातदाराचं काम. आपण स्वतः पार्सल मागवण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्याकडून पक्कं बिल मात्र मागावं.

जानेवारीत प्लंबिंग. नदीसारखा एकाच दिशेचा प्रवाह हवा असेल तर टँकच्या एका टोकाला पंप आणि दुसऱ्या टोकाला पाणी शोषणारे स्पंज, आणि दोघांना जोडणारी वाळूखालची पाइपची चौकट. पंप वरून पाणी उजवीकडे ढकलतात, तेच पाणी उजवीकडच्या स्पंजातून चौकटीत शिरून खालून डावीकडे परततं. लागतं ते असं: पाऊण इंची पीव्हीसी पाइप, ११० बाय ३५ सेंटिमीटरच्या चौकटीसाठी आणि उभ्या तुकड्यांसाठी मिळून साडेतीन मीटर, कोपऱ्यांना चार एल्बो, दोन्ही आखूड बाजूंवर दोन-दोन, असे चार टी, पंपाच्या तोंडाला जोडायला सिलिकॉन नळीचे तुकडे, आणि दोन मोठे भरड स्पंज. हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं पाचशेच्या आत येतं. सांधे सोल्युशनने चिकटवू नका, दाबून बसवा. सगळं पाण्याखाली असल्याने थोडी गळती झाली तरी बिघडत नाही, आणि चौकट तुंबली तर उकलता येते.

पंप निवडताना दोन गोष्टी आडव्या येतात. पंख्यासारखा वेव्हमेकर भरपूर पाणी हलवतो, पण त्याला दाब नसतो. पाइपमधून ओढायला लावला की त्याचा जीव जातो. घरच्या विजेवर थेट चालणारा साधा एसी पंप पाइपमधून ओढतो, पण तो पाणी तापवतो. पंपाने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन टँकमध्येच राहते. तीस वॅटचे दोन पंप म्हणजे १८० लिटर पाणी, बाहेर उष्णता गेलीच नाही तर, तासाला पाव अंशाहून जास्त चढतं. म्हणजे एकीकडे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लावायचा आणि दुसरीकडे आत शेगडी ठेवायची! त्यामुळे तासाला दोन हजार लिटरचे, पंधरा वॅटचे दोन डीसी पंप घेतले, सात हजारांना. ताशी बावीस वेळा पाणी फिरतं. यापेक्षा जास्त जोर लावायची गरज नाही; दगडांच्या मागे मासा टेकू शकेल अशी शांत जागा नदीतही असते.

दगड बेसाल्टचे, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा गोटा. नर्सरी आणि लँडस्केपिंगवाल्यांकडे गोणीने मिळतो. चमकणारे गोटे घेऊ नका, त्यांना मेण किंवा तेल लावलेलं असतं. पांढरट किंवा शिरा असलेल्या दगडावर जरासं ॲसिड टाकून बघावं, फेस आला तर चुना आहे, बाजूला. दगड उकळू नयेत, आतलं पाणी तापून तडकतात. ब्रशने घासून उन्हात वाळवले की पुरे. तळाला आधी प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर मोठे दगड थेट टेकवून, आणि मग वाळू. उलट केलं तर वाळू उकरली जाते आणि दगड घसरून काचेवर येतो.

आता शेवाळ. या माशाचं खरं अन्न म्हणजे दगडावरचा बुळबुळीत थर: शेवाळ, सूक्ष्मजीव, त्यातले किडे. तो तयार करायला बाल्कनीत टब भरून त्यात दगड उन्हात ठेवतात. जानेवारी-फेब्रुवारीचं ऊन त्याला उत्तम, तीन-चार आठवड्यांत दगडावर तपकिरी-हिरवी साय धरते. पण मुंबईत उघडं साचलेलं पाणी म्हणजे डासांच्या अळ्या, आणि महापालिकेचे कीटकनाशक खात्याचे लोक कुंड्यांच्या ताटल्यासुद्धा तपासतात, अळ्या सापडल्या की नोटीस. टबात लहान पंप सतत चालू ठेवा आणि वरून मच्छरदाणीचं कापड इलॅस्टिकने ताणून लावा. हलत्या पाण्यावर डास अंडी घालत नाही. शेवाळालाही हलतं पाणीच मानवतं.

फेब्रुवारीत पाणी भरून सायकलिंग, म्हणजे माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू मासे येण्याआधीच टँकमध्ये वाढवणं. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येणारं पाणी मऊ असतं, आमच्या नळाचं केएच, म्हणजे कार्बोनेट क्षारता, दोन-तीन अंश भरलं. माशाला ते मानवतं, पण सायकलिंगला अडचण करतं. हे जीवाणू पाण्यातली क्षारता खातात, आणि त्यांना वाढवायला अमोनिया बाहेरून द्यावा लागतो. लॅब-ग्रेड अमोनियम क्लोराइड १.१ ग्रॅम टाकलं की १८० लिटरमध्ये अमोनिया साधारण २ मिलिग्रॅम प्रतिलिटर होतो, आणि तेवढा पचवताना केएच ०.६ ते ०.७ अंशांनी उतरतं. चार डोस झाले की केएच शून्याकडे, पीएच सहाच्या खाली, आणि सायकल जागच्या जागी ठप्प. लोक मग ‘बॅक्टेरियाची बाटली’ विकत आणतात. खरं औषध स्वयंपाकघरात आहे: खाण्याचा सोडा साडेपाच ग्रॅम टाकला की या पाण्याचं केएच एक अंशाने वर येतं. बेकिंग पावडर नव्हे, नुसता सोडा. दर तीन-चार दिवसांनी केएच मोजून तूट भरत राहिलं की सायकल चार ते सहा आठवड्यांत पूर्ण होते. या काळात चिलर लावू नका. जीवाणू २८ अंशांत जोमाने वाढतात. थंडी नंतर, हळूहळू.

क्लोरीन काढायला अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे पांढरे खडे, म्हणजे बहुधा हायपो (सोडियम थायोसल्फेट), पुरतात. चाळीस लिटर ताज्या पाण्याला अर्धा ग्रॅम. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जाणवला तर पाऊण.

चिलर हा या सगळ्यातला मोठा खर्च, म्हणून आधी पंख्यांचं सांगतो. पाण्यावर पंखे लावून पुण्यात तीन-चार अंश सहज उतरतात. मुंबईत नाही, आणि त्याचं कारण दमटपणा. बाष्पीभवनाने पाणी हवेच्या ओल्या-बल्ब तापमानाच्या (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसतं त्या) खाली जाऊच शकत नाही, आणि मे-जूनमध्ये मुंबईत ते २६-२७ च्या आसपास असतं. म्हणजे सिद्धान्तातला सर्वोत्तम पंखासुद्धा २४ गाठणार नाही. बर्फाच्या बाटल्यांचंही तसंच. एक लिटरची गोठवलेली बाटली १८० लिटर पाणी अर्ध्या अंशाने उतरवते, आणि ते तासा-दोन तासांत परत चढतं.

एक दशांश अश्वशक्तीचा चिलर आणि त्याला पाणी देणारा, टँकबाहेर बसणारा कॅनिस्टर फिल्टर मिळून चौतीस हजार. मार्चच्या सुरुवातीला नोंदवला, हाती आला महिनाअखेरीस. उन्हाळ्यात सगळेच मागतात, त्यामुळे डिसेंबरात घेतलेला बरा. चिलरच्या पाटीवर पाण्याचा वेग दिलेला असतो, तासाला किती ते किती लिटर. कॅनिस्टर तुंबून वेग त्याखाली गेला की आतलं पाणी जास्त थंड होतं आणि मशीन एरर दाखवून थांबतं; बहुतेक वेळा बिघाड मशीनचा नसतो, स्पंज धुवायचा असतो. चिलर टँकखालच्या बंद कपाटात ठेवू नये. तो टँकमधली उष्णता काढून खोलीत टाकतो, कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. खिडकीजवळ, चारी बाजूंना एक वीत मोकळी. समुद्राकडच्या घरात कंडेन्सरच्या पात्यांवर खारट धूळ बसते, महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवावा. टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना फोमची शीट लावली की काम बरंच हलकं होतं. पावसाळ्यात थंड नळ्यांवर दव धरून पाणी ठिबकतं, त्यांना एसीच्या पाइपाला लावतात ते काळं वेष्टण चढवा, नाहीतर हमीपत्र उघडायची वेळ येते.

वीज: या पॉइंटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका), आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडतो. इलेक्ट्रिशियन आणि सामान तीन हजार. चिलर साधारण अर्धा वेळ चालतो, महिन्याला पासष्ट युनिट, पंपांचे वीस-बावीस. आकडा मोठा वाटत नाही, पण घरचं बिल ३०० युनिटच्या काठावर असेल तर पुढचा टप्पा लागतो आणि वरचे युनिट महाग पडतात.

एप्रिलमध्ये दिवसाला एक अंश अशा गतीने पाणी २३ वर आणलं. मगच मासे शोधायला बाहेर.

क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला दोन्हीकडे रबर-लिप या नावाने काहीही दाखवतात. ओळखायचं असं: मुस्कटावर मिशांसारखे मांसल धागे असतील तर तो ब्रिसलनोज. पाठीचा पर शिडासारखा मोठा आणि त्यात दहापेक्षा जास्त किरण असतील तर तो मोठा सकर, जो फूटभराच्या पुढे वाढतो. रबर-लिप चपटा, डोकं रुंद, तोंड जवळजवळ डोक्याइतकंच रुंद. मग काचेला चिकटलेल्या माशाचं पोट बाहेरून बघा, त्यासाठी यापेक्षा सोयीची जागा नाही. पोट सपाट किंवा किंचित फुगीर हवं. आत गेलेलं, खळगा पडलेलं पोट आणि खोल गेलेले डोळे दिसले तर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. हे मासे नदीतून पकडलेले असतात, प्रवासात उपाशी राहतात, आणि आतड्यातले जीवाणू एकदा मेले की समोर अन्न असूनही पचत नाही. दुकानदाराला खायला घालायला सांगा. काकडीची चकती टाकल्यावर तासाभरात कुणी जवळ येतं का, ते थांबून पाहावं.

आम्ही लगेच उचलले नाहीत. नवा माल उतरल्यावर आठवडाभर दुकानातच राहू दिला, त्यातले तगलेले, खाणारे चार घेतले, आठशेला एक. येताना थर्माकोलच्या खोक्यात, अर्धी पिशवी हवा, दुपारी नव्हे, रात्री आठनंतर. दुकानातलं पाणी ३० आणि विलगीकरणाच्या टबातलं २३ असं थेट सोडायचं नाही. टब आधी २८ वर ठेवून चार-पाच दिवसांत उतरवला.

विलगीकरण पन्नास लिटरच्या टबात, स्पंज फिल्टर आणि दोन एअर स्टोन, चार आठवडे. अंगावर पांढरे ठिपके आले तर इतर माशांना करतात तसं तापमान ३० वर नेऊ नका. रोग जाईल, मासाही जाईल. तांब्याची औषधंही टाळा. शेवाळ धरलेले दगड टबापासूनच द्यायला सुरुवात करावी.

खाणं आम्ही अगरमध्ये बांधतो. जवळा दोन-तीन पाण्यांत धुवून, तासभर भिजवून, खारटपणा काढून वाटायचा. मूठभर उकडलेले मटार. एक चमचा स्पिरुलिना पावडर. २०० मिली पाण्यात ४ ग्रॅम अगर उकळून, कोमट झाल्यावर हे मिसळायचं आणि गोट्यांवर ओतून फ्रिजमध्ये थिजवायचं. गोटा प्रवाहात ठेवला की मासे चिकटून खरवडतात, तुकडे वाहून जात नाहीत. दुधी आणि काकडी वाफवून, चमच्याला खोचून. नुसत्या काकडीवर ठेवलेला मासा खाताना दिसतो आणि वाळत जातो, तिच्यात पाण्याशिवाय फारसं काही नाही. शिळं अन्न दुसऱ्या सकाळी काढाच.

मेअखेरीस मासे मोठ्या टँकमध्ये गेले. दोन नर एकमेकांना रुंद डोक्याने ढकलतात, पण प्रत्येकाला आपला दगड आणि दगडाखालची फट मिळाली की मामला तिथेच मिटतो. फटी माशांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवा.

उन्हाळ्यात पाणी बदलण्याचं गणित वेगळं होतं. नळाचं पाणी ३१ अंशांचं. पंचेचाळीस लिटर बदललं की टँक एका झटक्यात दोन अंश चढतो. एकतर वीस-वीस लिटर आठवड्यातून दोनदा, किंवा ताजं पाणी पिंपात भरून त्यात दोन लिटरची गोठवलेली बाटली, जी पंचेचाळीस लिटरला चार-साडेचार अंश उतरवते. स्पंज दर रविवारी टँकच्याच पाण्यात पिळायचे. पंपाचा आवाज बदलला की रविवारची वाट बघायची नाही.

वीज गेली तर आधी प्राणवायू संपतो, थंडावा नंतर. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप सहाशे-सातशेला मिळतो, तो टँकला कायम जोडलेला असू द्या. वीज आल्यावर चिलर लगेच सुरू होत नाही, दोन-तीन मिनिटं थांबतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गणपतीला गावी जाताना शेजारच्या काकूंना चावी दिली आणि कागदावर तीनच ओळी लिहून ठेवल्या: खायला काही घालू नका, आकडा २६ च्या वर दिसला तर फ्रीझरमधल्या बाटल्या टाका आणि फोन करा, पंपाचं पाणी पडत नसेल तर आरसीसीबीचा खटका वर करा, एकदाच, पुन्हा पडला तर हात लावू नका. मोठ्या माणसांना ‘जरा लक्ष ठेवा’ म्हटलं की माया म्हणून चिमूटभर खाणं पडतंच, त्यामुळे पहिली ओळ मोठ्या अक्षरात.

छंद सोडावासा वाटला तर मासे दुकानाला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, पवई तलावात किंवा मिठीत नाही. याच कुटुंबातल्या मोठ्या सकरने भारतातल्या कित्येक नद्या-तलावांत बस्तान बसवलं आहे. कीटोस्टोमा मुंबईच्या कोमट तलावात तगणार नाही, एवढाच फरक.

हिशेब, ज्यांना लागतो त्यांच्यासाठी: टँक आणि स्टँड चौदा हजार, चिलर-कॅनिस्टर चौतीस, पंप सात, इंजिनिअर तीन, वीजकाम तीन, मासे बत्तीसशे, पाइप, दगड, टेस्ट किट आणि मुद्रांक धरून आणखी चार. एकूण अडुसष्ट हजारांच्या आसपास. यातला चिलर सेकंड-हँड मिळू शकतो, मात्र विकणाऱ्याच्या घरी बादलीभर पाणी लावून, ते खरंच पाच अंश उतरतं का हे बघूनच पैसे द्यावेत.